घोड्यांची शर्यत: वजन, वय, वंश आणि निकालाचा खांब

अबलख

'घोड्यांच्या शर्यती इंग्रजांनी सुरू केल्या' हे वाक्य इतक्या वेळा वाचायला मिळतं की त्यावर एक धागा हवाच होता. शर्यती इंग्रजांच्या कित्येक शतकं आधीच्या आहेत. इंग्रजांनी आणला तो हिशेब. घोड्यावर किती वजन आहे, त्याचं वय काय, आईबाप कोण, पहिला कोण आला हे कोणी आणि कुठे उभं राहून ठरवायचं, हे सगळं ते लिहून ठेवायला लागले. आजचा खेळ त्या वह्यांमधून निघालाय. धाग्यात तेवढंच बोलू. सट्ट्याच्या टिप्स नकोत.

सुरुवात प्राचीन ग्रीसमधल्या ऑलिंपियापासून करतो. तिथे चार घोड्यांच्या रथांची शर्यत इ.स.पू. ६८० मध्ये आली आणि स्वारांची इ.स.पू. ६४८ मध्ये. म्हणजे रथ आधी, स्वार नंतर. स्वार बसायचे ते उघड्या पाठीवर. खोगीर नाही, रिकीब नाही. आणि मुकुट मिळायचा मालकाला, हाकणाऱ्याला नव्हे. त्यामुळेच स्पार्टाची किनिस्का ही राजकन्या इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये विजेती ठरली. बायकांना तिथे स्पर्धेत उतरायला बंदी होती, पण रथ तिचा, घोडे तिचे.

पॉसेनियस या ग्रीक प्रवासलेखकाने एका घोडीची गोष्ट लिहून ठेवलीय. तिचं नाव ऑरा, मालक कॉरिंथचा फेइडोलास. सुरुवातीलाच स्वार खाली पडला. घोडी एकटी धावली, खांबाला वळसा घालून आली, पहिली आली, आणि विजेती ठरली. स्वाराचं नाव कोणी लिहिलं नाही. आज हा निकाल लागूच शकत नाही, का ते पुढे वजनाच्या मुद्द्यात येईलच.

पंचकल्याणी

उत्तम धागा. थोडं आणखी मागे जाते. शर्यतीच्या घोड्याला तयार कसं करायचं याचा सगळ्यात जुना हाती आलेला मजकूर मितन्नी देशातल्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा. इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासच्या हित्ती मातीच्या पाट्या. घोडे लढाईच्या रथाचे, पण पद्धत कुठल्याही ट्रेनरला ओळखीची वाटेल: ठरलेलं अंतर, मग धुणं, घाम काढणं, मोजून दाणा-वैरण, आणि हे काही महिने दिवसागणिक लिहिलेलं. आज काय, उद्या काय.

त्यातले फेऱ्यांचे शब्द पाहा: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नावर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ. 'वर्तन' म्हणजे वळण, फेरी. मजकूर हित्ती भाषेत, पण मोजणी आपल्या घरची. घोड्याची विद्या ज्यांच्याकडून आली त्यांचे आकडेही सोबत आले.

वैदिक वाङ्मयात शर्यतीला 'आजि' हा शब्द आहे आणि धाव जिथवर जायची त्या खुणेला 'काष्ठा'. वाजपेय यज्ञात १७ रथांची धाव असते आणि अंतर १७ बाणांच्या टप्प्यांनी मोजतात. मात्र तिथे यजमानच पहिला येणार हे आधीच ठरलेलं, म्हणून तिला खेळ म्हणायचं की विधी, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपण 'पराकाष्ठा केली' म्हणतो तेव्हा हीच काष्ठा बोलतो, फक्त घोडा विसरलोय.

खोगीरभरती

पराकाष्ठा! वाचनखूण साठवली.

मला रोमनांविषयी लिहायचंय, कारण 'सगळे एकाच वेळी सुटले पाहिजेत' हा प्रश्न त्यांनी फार नीट सोडवला होता. रोमच्या सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतींच्या मैदानात सुटण्यासाठी १२ खण होते. आता सगळे खण सरळ रेषेत बांधले तर काय होईल? मैदानाच्या मधोमध कणा, म्हणजे लांब दुभाजक आहे आणि सगळ्यांना त्याच्या उजव्या बाजूच्या पट्ट्यात शिरायचंय. मग उजवीकडच्या रथाला सरळ वाट आणि डावीकडच्याला तिरकी, जास्त लांब. म्हणून खणांची ओळ कमानीसारखी वळवलेली आणि थोडी तिरपी. प्रत्येक खणापासून कण्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर जवळजवळ सारखं. कोणाला कुठला खण हे चिठ्ठ्यांसारखं नशिबावर. दारं एकदम उघडायची. सात फेऱ्या, आणि फेऱ्या मोजायला कण्यावर अंडी आणि डॉल्फिनच्या आकृत्या. तांबडे, पांढरे, निळे, हिरवे असे चार गट. पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये निळे आणि हिरवे एकत्र झाले आणि ५३२ साली निका दंगलीत अर्धं शहर जाळलं, ते वेगळं प्रकरण.

ही कला नंतर पार विसरली गेली. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत घोडे चालत चालत एका ओळीत यायचे आणि स्टार्टर झेंडा टाकायचा. दहा-दहा चुकीच्या सुरुवाती व्हायच्या. काही जॉकी मुद्दाम करायचे, म्हणजे तापट घोडा आधीच घामाघूम होऊन संपायचा. मग १८९०च्या दशकात ऑस्ट्रेलियातून दोरीचा अडसर आला: ट्रॅकवर आडव्या दोऱ्या किंवा पट्ट्या, कळ दाबली की वर उडतात. खणांचे स्टॉल विसाव्या शतकात आले. क्ले प्युएट याचं विजेवर चालणारं स्टार्टिंग गेट १९३९ साली. इंग्लंडमध्ये स्टॉल थेट १९६५ मध्ये.

स्टॉलमध्ये पुढची दारं विद्युतचुंबकाने धरलेली असतात आणि मागे स्प्रिंग. स्टार्टर बटण दाबतो म्हणजे वीज *तोडतो*. यातली खुबी अशी की बिघाड होऊन वीज गेली तर दारं उघडतात, अडकून राहत नाहीत. वेडावाकडा झालेला घोडा आत कोंडला जाण्यापेक्षा चुकीची सुरुवात परवडली.

तट्टू

नवीन आहे, प्रश्न भोळा वाटेल. पण स्टॉलने सगळे एकाच वेळी सुटले तरी वळणावर आतल्याला फायदा नाही का?

खोगीरभरती

भोळा अजिबात नाही. रोमनांपासूनचा हाच प्रश्न आहे.

अर्धवर्तुळाच्या वळणावर आतल्या कठड्यापासून जितके मीटर बाहेर, त्याच्या ३.१४ पट जास्त अंतर. वळण मोठं की लहान याने काहीही फरक पडत नाही, कारण त्रिज्या वजाबाकीत उडून जाते. एक मीटर बाहेर धावलं तर ३.१४ मीटर जादा. घोड्याची एक लांबी साधारण २.४ मीटर धरतात. म्हणजे पूर्ण वळणभर आपल्या आत एकच घोडा असला तरी सव्वा लांबी गेली. दोन घोडे असले तर अडीच.

मग सगळे आत का घुसत नाहीत? कारण आत कोंडी होते. पुढचा दमला की मागच्याला बाहेर पडायला फट नाही, वेग तोडावा लागतो, आणि पंचेचाळीस-पन्नास किलोच्या माणसाने पाचशे किलोचं जनावर पुन्हा वेगात आणेपर्यंत शर्यत संपते. सरळ धावपट्टीवर हा हिशेब लागू नाही. तिथे जमिनीचा कुठला पट्टा घट्ट आणि कुठला पोचट, एवढंच बघायचं.

भीमथडी

दोरीचा मुद्दा निघालाच आहे तर १९९३ची ग्रँड नॅशनल, इंग्लंडमधली अडथळ्यांची मोठी शर्यत. ३९ घोडे. दुसऱ्यांदा चुकीची सुरुवात झाली, पट्टी एका जॉकीच्या मानेला गुंडाळली गेली, आणि परत बोलावण्याचा इशारा पुढच्यांपर्यंत पोचलाच नाही. ३० घोडे निघाले. सातांनी अख्खी शर्यत पुरी केली. निकाल रद्द. अडथळ्यांच्या शर्यतीत आजही स्टॉल वापरत नाहीत, कारण तिथे अंतर इतकं मोठं की सुरुवातीच्या एका लांबीला किंमत नाही. पण पट्टी नीट उडाली पाहिजे, एवढी अपेक्षा गैर नव्हती.

अबलख

आता इंग्लंड. बाराव्या शतकात लंडनच्या स्मिथफील्डला विकायचे घोडे पळवून दाखवत, त्याचं वर्णन विल्यम फिट्झस्टीफनने केलंय. चेस्टरला सोळाव्या शतकात शर्यती. पण नियम लिहून ठेवण्याचा खरा मान न्यूमार्केटला. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६०च्या दशकात टाउन प्लेट ही शर्यत सुरू केली आणि तिचे नियम कागदावर आले: प्रत्येक घोड्यावर १२ स्टोन, म्हणजे ७६ किलो. शर्यत एकदा नाही, हीट्समध्ये, म्हणजे तीच धाव पुन्हा पुन्हा, प्रत्येक हीट सुमारे चार मैल. मध्ये घोडे पुसून-चोळून घ्यायला अर्धा तास. १६७१ मध्ये राजाने स्वतः जिंकली. १७११ मध्ये अ‍ॅस्कॉटची पहिली शर्यत राणी अ‍ॅनच्या वेळची, तीही १२ स्टोन, चार मैलांच्या हीट्स.

म्हणजे एका दुपारी बारा मैल, पाठीवर ७६ किलो. हे काम तीन वर्षांच्या पोरसवदा घोड्याचं नाही, त्यामुळे तेव्हाचे घोडे पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत उतरायचेच नाहीत. १७४०च्या कायद्यात हे स्पष्ट दिसतं: पाच वर्षांच्या घोड्याला १० स्टोन, सहाला ११, सातला १२, बक्षीस किमान ५० पौंड, कमी वजनाने धावला तर घोडा जप्त आणि वर २०० पौंड दंड. हेतू असा की गावोगावच्या फुटकळ शर्यती बंद व्हाव्यात. वजनाची अट पाचेक वर्षांत मागे घ्यावी लागली.

हीट्सचा आणखी एक नियम: शेवटच्या खांबाआधी २४० यार्डांवर 'डिस्टन्स'चा खांब. पहिला घोडा निकालाच्या खांबाला पोचताना जो डिस्टन्सच्या मागे राहिला तो बाद, पुढच्या हीटला नाही. एक्लिप्स नावाचा घोडा १७६९ मध्ये उतरला तेव्हा ओ'केली नावाच्या जुगाऱ्याने पैज लावली ती याच नियमावर: 'एक्लिप्स पहिला, बाकीचे कुठेच नाहीत.' आज हे बढाईचं वाक्य वाटतं, पण 'कुठेच नाहीत' हा तांत्रिक शब्द होता. बाकी सगळे डिस्टन्सच्या मागे, म्हणून कागदावर क्रमांकच नाही. आणि तसंच झालं. १८ शर्यती, १८ विजय.

पंचकल्याणी

मग चार मैलांवरून दीड मैलावर कसे आले? याला लोक 'घोडे सुधारले' असं उत्तर देतात. मला ते उलटं वाटतं. पैशाची रचना बदलली, मग शर्यत बदलली, मग घोडा.

घोडा सहा वर्षं नुसता खाऊ घालायचा हे खर्चाचं. तीन वर्षांच्या घोड्याची लहान शर्यत ठेवली की निकाल लवकर. शिवाय घोडा फारसा कोणी पाहिलेला नसतो, म्हणून पैजांना ऊत. बक्षीस उभं राहायचं मालकांच्याच वर्गणीतून: १७८०च्या पहिल्या डर्बीला वर्गणी ५० गिनी, न धावल्यास निम्मी जप्त. नावं ३६ जणांनी दिली, धावले ९. म्हणजे न धावलेल्यांच्या पैशावरही बक्षीस फुगतं. सेंट लेजर १७७६, ओक्स १७७९, डर्बी १७८०, टू थाउजंड गिनीज १८०९, वन थाउजंड गिनीज १८१४. पाचही फक्त तीन वर्षांच्या घोड्यांच्या. बघता बघता खेळाचं वय अर्ध्यावर आलं.

भीमथडी

एक दुरुस्ती, नाहीतर पुढे कोणीतरी लिहील की डर्बी पहिल्यापासून दीड मैल. पहिली चार वर्षं ती एका मैलाची होती. १७८४ पासून दीड मैल, आणि तेव्हापासून टॅटनहॅम कॉर्नरचा उतार-वळणाचा प्रताप. पहिला विजेता डायोमेड पुढे प्रजननात पडलाच, आणि २१ वर्षांचा असताना ५० गिनींना व्हर्जिनियात विकला गेला. तिथे म्हातारपणी त्याने सर आर्ची हा घोडा दिला आणि अमेरिकेतले निम्मे मोठे वंश तिकडून निघाले. इंग्लंडने भंगारात काढलेला घोडा.

तट्टू

सगळे थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, तीन अरबी घोड्यांपासून आले, हे खरं का?

अबलख

बापाकडून बाप, त्याचा बाप अशी सरळ रेघ धरली तर खरं. बायरली टर्क, डार्ली अरेबियन (१७०४ मध्ये अलेप्पोहून आलेला) आणि गोडॉल्फिन अरेबियन. त्यांच्या ओळी अनुक्रमे हेरॉड, एक्लिप्स आणि मॅचेम यांच्यातून टिकल्या. आज ९० टक्क्यांहून जास्त घोड्यांची नर-रेघ डार्लीला, म्हणजे एक्लिप्सला जाते.

पण नर-रेघ म्हणजे रक्त नव्हे. आईकडचे सगळे पूर्वज त्यात गळतात. अख्ख्या वंशावळीतला वाटा काढला तर गोडॉल्फिनचा डार्लीच्या साधारण दुप्पट भरतो, कारण त्याचं रक्त आईच्या बाजूने खूप ठिकाणी शिरलंय. आणि ब्रिटनमधल्या घोड्या होत्याच. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मायोस्टॅटिन जनुकाचा जो प्रकार कमी अंतराचा वेग देतो तो थरोब्रेडमध्ये एकदाच शिरला, साधारण ३०० वर्षांपूर्वी, आणि बहुधा ब्रिटिश घोडीकडून. अरबी घोड्याने वेग दिला हा समज त्यामुळे बराच डळमळला. अरबी घोड्याने दम दिला असावा. वेग घरचाच.

नोंदी: जेम्स वेदरबीचं रेसिंग कॅलेंडर १७७३ पासून, 'जनरल स्टड बुक'चा प्रास्ताविक खंड १७९१, पहिला खंड १७९३. स्टड बुकात नाव नाही तर थरोब्रेड नाही. आजही नियम असा की नैसर्गिक संयोगच हवा, कृत्रिम रेतन चालत नाही. नाहीतर एका वळूची पाच हजार शिंगरं वर्षाला निघाली असती.

खोगीरभरती

त्यालाच जोडून वाढदिवस. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारी, ऑस्ट्रेलियात १ ऑगस्ट. इंग्लंडमध्ये आधी १ मे होता, १८३०च्या दशकात न्यूमार्केटने तो जानेवारीत आणला. निसर्गाला हे पसंत नाही. घोडी माजावर येते दिवस मोठे होऊ लागल्यावर, गाभणकाळ ११ महिने. म्हणजे शिंगरू वसंतात यायचं. पण कागदाला हवं जानेवारी-फेब्रुवारीत, कारण मेमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर तेवढ्याच वयाचं असूनही चार महिने लहान.

उपाय: डिसेंबरपासून घोडीच्या पागेत दिवा. दिवसाचा आणि दिव्याचा मिळून १६ तास उजेड, साधारण ६० ते ७० दिवस. दिवा अंधार पडायच्या आधी लावायचा. संध्याकाळीच दिवस लांबवायचा. रात्रभर उजेड ठेवला तर परिणाम मार खातो, कारण शरीराला अंधारही मोजायचा असतो. आणि दिवा सुरू करून आठवडाभर बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून. घाईचा उलटा धोका असा की ३१ डिसेंबरला रात्री जन्मलेलं शिंगरू दुसऱ्या दिवशी 'एक वर्षाचं'.

रिकीब

वयाची गोष्ट निघालीय तर १८४४ची डर्बी सांगितलीच पाहिजे. पहिला आला 'रनिंग रेन'. तो प्रत्यक्षात मॅकाबियस नावाचा *चार* वर्षांचा घोडा होता, तीन वर्षांच्या शर्यतीत. लॉर्ड जॉर्ज बेंटिंकने छडा लावला. खटला उभा राहिला आणि न्यायाधीश बॅरन ऑल्डरसन म्हणाले, घोडा हजर करा. घोडा हजर झाला नाही. डर्बी दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला मिळाली.

घोडा बघून काय कळलं असतं? दात. घोड्याच्या पुढच्या कातर दातांच्या तीन जोड्या, वर आणि खाली. मधली जोडी साधारण अडीच वर्षांना पडून कायमची येते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. दुधाचा दात लहान, पांढरा, मुळाशी आवळलेला. कायमचा रुंद, पिवळसर, उभ्या रेघांचा. मेच्या अखेरीस तीन वर्षांच्या घोड्याच्या तोंडात वर दोन आणि खाली दोन कायमचे, बाकी दुधाचे. चार वर्षांच्या घोड्याच्या वर चार, खाली चार. ओठ उचलला की दहा सेकंदांत निकाल. सहा महिन्यांची चूक होऊ शकते, एका वर्षाची सहसा नाही, निदान या वयात तरी. त्याच शर्यतीत पाय मोडून मेलेल्या लिअँडरचा जबडा नंतर तपासला, तर तोही चार वर्षांचा निघाला! एका शर्यतीत दोन.

अबलख

आता वजन, कारण मला वाटतं की खेळ इथेच पक्का झाला.

पहिली पायरी: वयानुसार वजन. तीन वर्षांच्या घोड्याला चार वर्षांच्याने किती पौंड 'द्यायचे', याचं कोष्टक अ‍ॅडमिरल राऊस यांनी १८५०च्या दशकात बसवलं. ते महिना आणि अंतर या दोन्हींवर अवलंबून आहे. अंतर जास्त तितकी लहान घोड्याला सूट जास्त. वर्ष पुढे सरकेल तशी सूट कमी, कारण तो वाढतोय.

दुसरी पायरी: हँडिकॅप. इथे वय नाही, कुवत मोजतात. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, जेणेकरून कागदावर सगळे एकदम पोचावेत. १७९१ची अ‍ॅस्कॉटची ओटलंड्स स्टेक्स ही पहिल्या मोठ्या हँडिकॅपपैकी. हिशेबाचं सूत्र लांबीचं पौंडात रूपांतर करण्याचं आहे: पाच फर्लांगला (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) एक लांबी म्हणजे साधारण ३ पौंड, मैलाला २, दीड मैलाला दीड, दोन मैलांच्या पुढे १. म्हणजे मैलाच्या शर्यतीत सारख्या वजनावर 'अ'ने 'ब'ला तीन लांबींनी हरवलं, तर पुढच्या वेळी 'अ'वर ६ पौंड जास्त. लांब शर्यतीत लांबीची किंमत कमी का? कारण दमलेल्या घोड्यांमध्ये अंतर पटापट वाढतं.

चूक कुठे होते? शेवटी जॉकीने सोडून दिलेल्या घोड्याची लांबी खरी धरली तर. दहा लांबींनी हरलेला घोडा कदाचित पाचचाच असतो. म्हणून वजन ठरवणारा हँडिकॅपर शेवटच्या फर्लांगाचं चित्र बघतो, नुसता निकाल नाही.

रिकीब

वजन करण्याची पद्धतही सांगतो. शर्यतीआधी जॉकी काट्यावर बसतो किंवा उभा राहतो, हातात खोगीर, तंग, शिशाचं कापड. हेल्मेट, चाबूक, लगाम धरत नाहीत. कमी पडलं तर शिशाच्या पातळ पट्ट्या खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत. या पट्ट्या पुढे, खांद्याच्या उंचवट्यालगत भरायच्या आणि दोन्ही बाजूंना सारख्या. मागच्या खिशात भरल्या तर वजन कमरेवर येतं, आणि घोडा कमरेनेच तर ढकलतो. एका बाजूला जास्त झालं तर पहिल्या वळणाला खोगीर सरकतं. छाती बारीक आणि पोट आवळलेल्या घोड्याला तर छातीपट्टा लावलाच पाहिजे, नाहीतर तंग मागे घसरतो.

ट्रेनर मंडळी शिसं आवडीने लावत नाहीत. शिसं मेलेलं वजन. माणूस पुढेमागे होतो, शिसं हलत नाही. म्हणून जड वजन मिळालं तर थोडा जड जॉकी शोधतात.

शर्यत संपली की पहिल्या काहींना पुन्हा काट्यावर. थोडीशी सूट असते, तिच्याखाली गेला तर घोडा बाद, मग तो दहा लांबींनी जिंकलेला असो. वाटेत शिशाची पट्टी पडली, खोगिराखालचं कापड निसटलं, सगळी कारणं ऐकून घेतात आणि बाद करतात.

भीमथडी

बसण्याची पद्धत? ती कोणीच घेतली नाही.

रिकीब

घेतो. १८९०च्या दशकापर्यंत इंग्लिश जॉकी लांब रिकिबीत, सरळ पाठीने, खोगिरात बसून यायचे. विली सिम्स आणि मग १८९७ मध्ये टॉड स्लोन हे अमेरिकन जॉकी आखूड रिकीब घेऊन आले: गुडघे खांद्याच्या उंचवट्याजवळ, पाठ सपाट, बूड हवेत. इंग्लंडमध्ये माकड म्हणून हसले. मग हरायला लागले.

फायदा हवेचा विरोध कमी होण्याचा, असं सगळीकडे छापतात. तो आहे, पण २००९च्या एका अभ्यासाने मोठं कारण दुसरंच दाखवलं. चौखूर धावताना घोड्याचं धड प्रत्येक टापेला वर-खाली आणि पुढे-मागे होतं. खोगिरात बसलेल्या माणसालाही घोड्याने प्रत्येक वेळी ढकलायचं, मग थांबवायचं. रिकिबीत तरंगणारा जॉकी गुडघे आणि नितंब स्प्रिंगसारखे वापरतो: घोडा खाली झेपावतो तेव्हा पाय लांबतात, वर येतो तेव्हा दुमडतात. वजन घोड्यावर आहेच, पण ते हलवायचा खर्च जॉकीच्या मांड्यांवर. ही बैठक रुळत गेली तशा शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी कमी झाल्या. शंभर वर्षांच्या प्रजननाला इतकं जमत नाही. किंमत अशी की जॉकीला धरायला काहीच नाही. घोडा अडखळला की माणूस मानेवरून पुढे.

तट्टू

आणि निकाल? फोटोच्या आधी डोळ्यांनी कसं ठरवत होते?

खोगीरभरती

खांबाच्या रेषेत, बरोब्बर रेषेत, उभं राहून. दोन पावलं इकडेतिकडे चालत नाही. खांबाच्या अलीकडे उभं राहिलं तर जवळचा घोडा पुढे दिसतो, पलीकडे उभं राहिलं तर लांबचा. म्हणूनच स्टँडमधले सगळे शपथेवर सांगतात की आपलाच घोडा आधी होता. घोडा सेकंदाला १६-१७ मीटर धावतो. पाच सेंटिमीटरचा फरक म्हणजे तीन हजारांश सेकंद. डोळा कुठून पुरणार. तेव्हा पंचाला ठरवता आलं नाही तर 'डेड हीट', आणि दोघांची पुन्हा शर्यत! १८२८ची डर्बी कॅडलंड आणि द कर्नल यांच्यात अशीच पुन्हा धावली, कॅडलंड जिंकला. १८८४ मध्ये सेंट गेटियन आणि हार्वेस्टर बरोबरीत आले तेव्हा पुन्हा न धावता बक्षीस वाटून घेतलं.

फोटो-फिनिश कॅमेरा १९३०च्या दशकात अमेरिकेत बसला, इंग्लंडमध्ये १९४७. दोनच वर्षांत, १९४९च्या डर्बीत, निंबस या घोड्याचा निकाल त्यावर लागला. हा साधा फोटो नव्हे. कॅमेऱ्याला शटर नसतं, एक उभी बारीक चीर असते, आणि ती निकालाच्या रेषेवर रोखलेली. चिरेमागून फिल्म घोड्याच्या प्रतिमेच्या वेगाने सरकायची. म्हणजे चित्रातली *प्रत्येक* उभी रेघ ही निकालाचीच रेषा, फक्त वेगवेगळ्या क्षणाची. डावी-उजवी बाजू म्हणजे अंतर नाही, वेळ.

हे कळलं की त्या चित्रातले विनोद कळतात. फिल्म जास्त वेगात सरकली तर घोडे लांबट, कमी वेगात तर आखूड, गाढवासारखे. आणि एखादा खूर स्कीसारखा फूटभर लांब दिसतो: तो त्या क्षणी रेषेवरच जमिनीला टेकलेला होता, हलत नव्हता, आणि फिल्म पुढे जात राहिली. क्रम मात्र चुकत नाही, कारण रेषा एकच. बघायचं ते नाक. कान, पाय, छाती काही नाही. चौखूर चालीत डोकं प्रत्येक टापेला पुढे जातं आणि मागे येतं, त्यामुळे खांबाआधी आणि खांबानंतर पुढे असलेला घोडाही बरोब्बर खांबावर नाकभर मागे असू शकतो.

भीमथडी

अमेरिकेचं एक राहिलं. डाव्या हाताने वळायचं आणि गवताऐवजी माती, ही त्यांची रीत. १८२१चा लाँग आयलंडचा युनियन कोर्स हा गवत खरवडून केलेला त्यांचा पहिला मातीचा ट्रॅक. आणि पहिल्या केंटकी डर्बीतले (१८७५) १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. आयझॅक मर्फीने ती तीनदा जिंकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या सगळ्यांना मैदानातून हुसकावून लावलं गेलं. इतिहास लिहिताना हे पान बहुतेक जण उलटून पुढे जातात.

तट्टू

अबलखराव, ऑराचं राहिलं. ती आज बाद का?

अबलख

वजन खांबापर्यंत पोचलं नाही म्हणून. घोड्याने ठरलेलं वजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाहिलं, हे काट्यावर सिद्ध करायला माणूस हवा. स्वार नसलेला घोडा कितीही पुढे असला तरी निकालात नाही. जॉकी खांब ओलांडल्यावर पडला तर चालतं, पण त्याला काट्यावर यावंच लागतं. जखमी असेल तर सूट. पूर्वी अडथळ्यांच्या शर्यतीत पडलेला जॉकी परत चढून शर्यत पुरी करू शकायचा. ब्रिटनने २००९ पासून तेही बंद केलं, कारण पडलेल्या घोड्याला काही लागलंय का हे चढणाऱ्याला त्या घाईत कळत नाही.